एबेनेझर हॉवर्ड : जमीन रहिवाशांची, तर गावही रहिवाशांचे



आजचा पाठ सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारतो. तुमच्यापैकी बरेच जण सोसायटीत राहता. रविवारी सकाळी खाली मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या जातात, वार्षिक सर्वसाधारण सभा भरते आणि थोड्याच वेळात आवाज चढतात. कुणाला मेंटेनन्स जास्त वाटतो, कुणाला पार्किंग मिळालेले नसते, कुणाला इमारत पाडून रीडेव्हलपमेंट हवे असते, तर कुणाला ते मुळीच नको असते. या सगळ्या गोंधळात कधी विचारलेत का, की आपली इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन नेमकी कुणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न साधा वाटतो, पण एका माणसाने त्यापायी सगळे आयुष्य वेचले. तो राजा नव्हता, श्रीमंत नव्हता, इंजिनिअरही नव्हता. दुसऱ्यांची भाषणे भराभर उतरवून घेणारा तो एक लघुलेखक होता. त्याचे नाव एबेनेझर हॉवर्ड. जगभर ज्याला 'उद्याननगर' किंवा 'गार्डन सिटी' म्हणतात, त्या कल्पनेचा हा जनक. आज त्याचे चरित्र वाचू या.

जन्म आणि बालपण

एबेनेझर हॉवर्ड यांचा जन्म २९ जानेवारी १८५० रोजी लंडनमध्ये झाला. वडिलांचा मिठाई आणि पावाचा धंदा होता. घर खाऊनपिऊन सुखी, पण श्रीमंती नाही. एबेनेझर पंधराव्या वर्षी शाळा सोडून एका कचेरीत कारकून म्हणून लागला. दिवसभर पत्रांच्या नकला करायच्या, हेच काम. पण मुलगा गप्प बसणारा नव्हता. त्याने स्वतःच्या स्वतः पिटमनची लघुलिपी शिकून घेतली. बोलणाऱ्याच्या वेगाने लिहिण्याची ही कला पुढे त्याला जन्मभर पोट भरायला उपयोगी पडली.

त्या काळचे लंडन कसे होते, हे जरा डोळ्यांसमोर आणा. खेड्यापाड्यांतून लोक कामासाठी शहरात लोटत होते. एकेका खोलीत एकेक कुटुंब, धुराने काळी पडलेली हवा, घाणीचे नाले आणि त्यावर चढती भाडी. तिकडे खेडी ओस पडत होती. म्हणजे शहरात जागा नाही आणि खेड्यात काम नाही. आपल्याकडे मुंबईत गिरण्या वाढल्या तेव्हा चाळींत जे झाले, तेच.

अमेरिकेतला फसलेला शेतकरी

१८७१ साली एकवीस वर्षांचा हॉवर्ड दोन मित्रांबरोबर अमेरिकेला गेला. नेब्रास्का प्रांतात सरकार वसाहत करणाऱ्यांना जमीन देत होते. त्यालाही १६० एकर मिळाली. पण लेखणी धरणाऱ्या हातांना नांगर काही जमेना. मका, बटाटे लावून पाहिले, पण शेती फसली. मग तो शिकागोला गेला आणि पुन्हा लघुलेखक झाला.

शिकागो १८७१ च्या भीषण आगीत जळून गेले होते आणि नव्याने बांधले जात होते. अख्खे शहर पुन्हा उभे राहताना त्याने पाहिले. १८७६ साली तो लंडनला परतला आणि संसदेच्या कामकाजाची नोंद करणाऱ्या संस्थेत काम करू लागला. १८७९ साली एलिझा बिल्स यांच्याशी त्याचे लग्न झाले.

बघा, गंमत कशी असते. संसदेत गरिबांच्या घरांवर, जमिनीवर, करांवर भाषणे व्हायची आणि हा माणूस शब्दन् शब्द लिहून घ्यायचा. बोलणारे बोलून घरी जायचे, प्रश्न तिथेच राहायचा. ऐकून ऐकून हॉवर्डच्या मनात एक गोष्ट पक्की झाली : दोन्ही बाजूंना दुःख दिसते आहे, पण उपाय कुणी मांडत नाही.

मूळ कल्पना काय होती?

१८९८ साली हॉवर्ड यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. छापायला पैसे नव्हते. एका मित्राने ५० पौंड उसने दिले तेव्हा ते छापले गेले. १९०२ साली तेच पुस्तक थोडे बदलून 'गार्डन सिटीज ऑफ टुमॉरो' या नावाने पुन्हा आले आणि याच नावाने ते पुढे ओळखले जाऊ लागले.

पुस्तकात एक प्रसिद्ध आकृती आहे, तीन लोहचुंबकांची. पहिले चुंबक शहर : तिथे काम आहे, पण घर महाग आणि हवा वाईट. दुसरे चुंबक खेडे : तिथे मोकळी हवा आहे, पण काम नाही, सोबत नाही. तिसरे चुंबक म्हणजे दोन्हींतले चांगले एकत्र आणलेले नवे गाव. तीन चुंबकांच्या मधोमध लोक आहेत आणि लोक जातील कुठे, हा प्रश्न आहे.

आता मुख्य मुद्दा नीट समजून घ्या. बहुतेकांना एवढेच माहीत असते की हॉवर्डने झाडे, बागा आणि रुंद रस्त्यांचे गाव सुचवले. ते खरे आहे, पण ती वरची साल झाली. आतला गर वेगळाच आहे.

समजा, शेताची ६,००० एकर जमीन एकरी ४० पौंडांनी घेतली. पुस्तकात हाच हिशेब आहे. त्यातल्या १,००० एकरांवर गाव वसवायचे आणि उरलेल्या ५,००० एकरांवर शेती तशीच ठेवायची. गावात सुमारे ३०,००० लोक राहायला आले की काय होईल? जमिनीची किंमत कितीतरी पटींनी वाढेल. ही किंमत कुणी वाढवली? एकट्या मालकाने नाही. तिथे राहायला आलेल्या, दुकान टाकणाऱ्या, शाळा चालवणाऱ्या सगळ्यांनी मिळून वाढवली. मग ती वाढ कुणाच्या खिशात जावी?

हॉवर्डचे उत्तर सरळ होते. जमीन कुणा एकाला विकायचीच नाही. ती सगळ्या गावाच्या वतीने विश्वस्तांकडे ठेवायची. राहणारे भाडे भरतील. त्या भाड्यातून ज्यांनी सुरुवातीला पैसे घातले त्यांना ठरावीक व्याज द्यायचे, कर्जाचा थोडा थोडा भाग फेडायचा आणि जे उरेल ते रस्ते, शाळा, दवाखाने, म्हाताऱ्यांचे पेन्शन यांवर खर्च करायचे. कारभार निवडून दिलेल्या मंडळाने पाहायचा. कर्ज फिटले की सगळे उत्पन्न गावाचे.

लेचवर्थ : कागदावरचे गाव जमिनीवर

१८९९ साली हॉवर्ड आणि मोजक्या मित्रांनी 'गार्डन सिटी असोसिएशन' स्थापन केली. लोक हसले. तरी हा माणूस गावोगाव हिंडून व्याख्याने देत राहिला. बुटका, साधे कपडे घालणारा, पण आवाज असा की सभा ऐकत राहावी. राल्फ नेव्हिल हे नावाजलेले वकील आणि काही उद्योगपती मदतीला आले. १९०३ साली 'फर्स्ट गार्डन सिटी' नावाची कंपनी निघाली आणि लंडनच्या उत्तरेला लेचवर्थ इथे ३,८१८ एकर जमीन घेतली. ९ ऑक्टोबर १९०३ रोजी भर पावसात, चिखलात तंबू ठोकून गावाचे उद्घाटन झाले. रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर या वास्तुविशारदांनी आराखडा केला.

पण इथेच पहिली तडजोड झाली. कंपनीला तीन लाख पौंड भांडवल हवे होते आणि ते येता येईना. भागधारकांना वर्षाला जास्तीत जास्त पाच टक्केच लाभांश मिळणार होता आणि सुरुवातीची कित्येक वर्षे तोही मिळाला नाही. मग संचालक सावध झाले. हॉवर्डचे म्हणणे होते, जमिनीचे मोल वाढेल तसे ठरावीक वर्षांनी भाडेही नव्याने ठरवावे, म्हणजे वाढ गावाच्या तिजोरीत पडेल. पण घर बांधणाऱ्यांना आणि कारखानदारांना ही अट नको होती. शेवटी ९९ वर्षांचा, ठरलेल्या भाड्याचा पट्टा हीच रीत पडली. कारभारही निवडून दिलेल्या मंडळाकडे न जाता कंपनीच्या संचालकांकडेच राहिला. ज्याची कल्पना, तो हॉवर्ड संचालक मंडळात होता खरा, पण निर्णय व्यवहारी माणसांच्या हाती गेले.

याच काळात घरचा घाव बसला. ज्या गावाची स्वप्ने नवऱ्याबरोबर पाहिली, त्या गावात राहायला जाण्याआधीच, १९०४ साली एलिझाबाई वारल्या. तुटपुंज्या मिळकतीत चार मुलांचा संसार त्यांनीच ओढला होता.

गावातली भांडणे

आता तुम्हाला वाटेल, इतक्या आदर्श गावात सगळे गुण्यागोविंदाने राहत असतील. छे! माणसे तिथून इथून सारखीच.

पहिले भांडण घरांच्या रूपावरून. १९०५ साली तिथे स्वस्त घरांचे प्रदर्शन भरले. १५० पौंडांत मजुराला परवडेल असे घर बांधून दाखवायचे, अशी स्पर्धा होती. हजारो लोक बघायला आले, गावाचे नाव झाले. पण कुणी काँक्रीटचे, कुणी लोखंडाचे, कुणी लाकडाचे, अशी हरतऱ्हेची घरे उभी राहिली. लाल कौलांचे, एकसारखे सुंदर गाव हवे असणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. गरिबाला परवडणे महत्त्वाचे की गावाचे देखणेपण? हा वाद आजही कुठल्याही सोसायटीत ऐकू येतो.

दुसरे भांडण दारूच्या दुकानावरून. गावात दारूचा गुत्ता असावा की नसावा, हे कंपनीने परस्पर ठरवले नाही. १९०७ साली रहिवाशांचे मत घेतले. बहुमत नको म्हणणाऱ्यांचे निघाले. मग 'स्किटल्स इन' नावाची दारू नसलेली खानावळ उघडली, जिथे चहा, कोको प्यायचा आणि खेळ खेळायचे. हा प्रश्न पुढे पुन्हा पुन्हा मतदानाला आला. गावाच्या मध्यभागात दारूचे दुकान यायला जवळजवळ अर्धे शतक लोटावे लागले. पटो न पटो, पण निर्णय मतदानाने झाला, हे लक्षात घ्या.

तिसरे भांडण कारभाराचे. रहिवासी म्हणू लागले, घर आमचे, भाडे आम्ही देतो, मग नियम करताना आम्हाला का विचारत नाही? १९०८ साली गावाला आपल्या ग्रामपंचायतीसारखे पॅरिश कौन्सिल मिळाले आणि १९१९ साली नगर परिषद झाली. पण जमीन कंपनीचीच. म्हणजे मत एकीकडे आणि मालकी दुसरीकडे. ही भेग पुढे केवढी रुंद झाली, ते पुढे येईलच.

हॉवर्ड स्वतः मात्र गावातच, चारचौघांसारखे राहिले. १९१० साली त्यांच्या पुढाकाराने 'होम्सगार्थ' नावाची घरे बांधली गेली. तिथे प्रत्येकाचे घर वेगळे, पण स्वयंपाकघर आणि जेवणघर सामायिक. बायकांच्या मागचे चुलीचे काम कमी व्हावे, हा हेतू. हॉवर्ड काही वर्षे तिथेच राहत होते. उपदेश दुसऱ्याला आणि बंगला स्वतःला, असे त्यांनी केले नाही.

एकोणसत्तराव्या वर्षी दुसरे धाडस

पहिल्या महायुद्धानंतर सगळीकडे घरांची टंचाई होती. सहकारी म्हणत होते, सरकारने पुढाकार घेईपर्यंत थांबू. हॉवर्ड थांबेनात. मे १९१९ मध्ये वेल्विन भागातल्या एका मोठ्या जहागिरीचा लिलाव होणार होता. खिशात पैसे नाहीत. मित्रांकडून इसाराची रक्कम कशीबशी गोळा केली आणि लिलावात बोली लावली! बोली लागली आणि मग कळले की रक्कम कमी पडते आहे. उरलेले पैसे त्यांच्या वतीने बोली लावणाऱ्या दलालानेच उसने दिले. मित्रांनी कपाळाला हात लावला, पण लगेच मदतीलाही धावले. १९२० साली वेल्विन गार्डन सिटीचे काम सुरू झाले. हॉवर्ड तिथे राहायला गेले. १९२७ साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली आणि १ मे १९२८ रोजी वेल्विनमध्ये त्यांचे निधन झाले. लेचवर्थच्या मातीत त्यांना पुरले. दोन गावे वसवणाऱ्या या माणसाने मागे म्हणावी अशी संपत्ती ठेवली नाही.

त्यांच्या माघारी काय झाले?

मित्रांनो, चरित्र इथे संपायला हवे. पण खरी परीक्षा माणूस गेल्यावरच होते.

वेल्विन १९४८ साली सरकारी 'न्यू टाउन' योजनेत गेले. कंपनीची जमीन सरकारने नेमलेल्या महामंडळाकडे गेली. वाढलेल्या किमतीचा लाभ गावाला मिळेल, हे स्वप्न तिथे मावळले.

लेचवर्थची कथा याहून थरारक आहे. १९६० साली लंडनच्या 'हॉटेल यॉर्क' या कंपनीने शेअर्स विकत घेत घेत गावाच्या मूळ कंपनीवर ताबा मिळवला. म्हणजे बघा, पन्नास-साठ वर्षे हजारो लोकांनी घडवलेले गाव शेअर बाजारातून कुणी बाहेरचा घेऊन गेला! आता जमीन तुकड्या-तुकड्यांनी विकली जाणार, ही भीती घरोघर पसरली. तेव्हा नगर परिषद आणि रहिवासी एक झाले. दारूच्या दुकानावरून, घरांच्या रंगावरून भांडणारेच एका बाजूला उभे राहिले. संसदेत खास विधेयक नेले आणि १९६२ साली कायदा करून घेतला. १९६३ पासून गावाची जमीन एका सार्वजनिक महामंडळाकडे आली. १९९५ साली त्याच्या जागी धर्मादाय स्वरूपाची 'हेरिटेज फाउंडेशन' आली. आजही दुकानांचे, शेतांचे भाडे तिथे जमते आणि गावाच्या सोयींवर खर्च होते.

आता भांडणे थांबली का? नाही. खिडकी बदलायची, कुंपण काढायचे, अंगणात फरशी घालायची, तर फाउंडेशनची परवानगी लागते. त्यावरून कुरबुरी होतातच. पण गाव विकले जाईल, ही भीती राहिली नाही.

तिकडे अमेरिकेत १९२९ साली न्यू जर्सीमध्ये रॅडबर्न ही वसाहत हॉवर्डच्या कल्पनेवरून वसली. सामायिक बागा, पायी चालणाऱ्यांसाठी वेगळे रस्ते, आणि हे सगळे सांभाळायला घरमालकांकडून वर्गणी घेणारी 'असोसिएशन'. आज अमेरिकेत गल्लोगल्ली अशा घरमालक संघटना आहेत. पण रॅडबर्नमध्ये एक मेख होती. वर्गणी सगळ्यांनी भरायची, पण विश्वस्त कोण व्हावे, हे आजी-माजी विश्वस्तांचे छोटे मंडळच बहुतांशी ठरवायचे. रहिवासी कोर्टात गेले, पण तिथे फारसे हाती लागले नाही. अखेर २०१७ साली न्यू जर्सी राज्याने कायदा बदलला आणि अशा संघटनांच्या निवडणुकीत प्रत्येक घरमालकाचा हक्क पक्का केला. लोक त्याला रॅडबर्नचा कायदा म्हणून ओळखतात.

म्हणजे हॉवर्डच्या बागा लोकांनी उचलल्या, रस्ते उचलले, कौलेसुद्धा उचलली. पण जमीन सगळ्यांची आणि मत प्रत्येकाचे, ही जोडगोळी मागेच राहिली. जिथे ती तुटली, तिथे आज ना उद्या रहिवाशांवर पाळी आली.

आपल्यासाठी बोध

ज्या वर्षी हॉवर्डचे पुस्तक आले, त्याच १८९८ साली प्लेगने हादरलेल्या मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे दादर-माटुंग्याच्या झाडांच्या वसाहती उभ्या राहिल्या. १९१५ साली गावदेवीत सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. जमीन आणि इमारती संस्थेच्या, राहणारे तिचे सभासद. महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा १९६० चा. तिकडे लेचवर्थ हातचे गेले, तेच साल!

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे या. आपल्याकडे १९६३ च्या कायद्याने बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. यालाच कन्व्हेयन्स म्हणतात. पण कितीतरी इमारतींत वर्षानुवर्षे ते होतच नाही. म्हणून २००८ साली कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची सोय झाली. बिल्डर टाळाटाळ करत असेल, तर सोसायटी सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करून जमीन आपल्या नावे करून घेऊ शकते. ज्या सोसायटीने हे केले नाही, तिथे रीडेव्हलपमेंटची वेळ आली की घर रहिवाशांचे आणि वाढीव मोलावर दावा मात्र दुसऱ्याचा, असे होते. लेचवर्थच्या लोकांना जी भीती वाटली, तीच ही.

तेव्हा पार्किंगवरून भांडायचे तर भांडा, ते चालायचेच. पण त्याआधी आईवडिलांना विचारा : कन्व्हेयन्स झाले आहे का? सभेची सूचना आली तर ती वाचता का? मतदानाला जाता का? सभेला दहा टाळकी आली, तर दहा जणांचाच कारभार चालतो. हॉवर्ड आयुष्यभर दुसऱ्यांची भाषणे लिहून घेत होते. पण लिहिता लिहिता ते विचार करत होते आणि वेळ आली तेव्हा उठून उभे राहिले. एवढे जरी आपण घेतले तरी पुष्कळ.

स्वाध्याय

१. तीन लोहचुंबकांची आकृती वहीत काढा आणि प्रत्येकाखाली तुमच्या गावातले एक उदाहरण लिहा.

२. जमिनीची किंमत कोण वाढवते आणि तिचा लाभ कुणाला मिळावा, असे तुम्हाला वाटते? दहा ओळींत लिहा.

३. लेचवर्थच्या रहिवाशांनी १९६० नंतर काय केले? त्यांच्या जागी तुम्ही असता तर?

४. तुमच्या सोसायटीची किंवा वाड्याची जमीन कुणाच्या नावावर आहे, हे घरी विचारून या. पुढच्या तासाला त्यावर बोलू.